हिला मोठा घोडा लागेल

फॉर्मवर वजनाचा रकाना होता. त्यात मी साडेबारा स्टोन, म्हणजे जवळजवळ ऐंशी किलो, लिहिलं आणि सबमिट दाबलं. हे खोटं नव्हतं, असं माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि थोडंफार अजूनही आहे.

मी मिल्टन कीन्समध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरी तोच धंदा मी विनामूल्य चालवते, असं माझा नवरा म्हणतो. टेस्टिंगमध्ये दोन रकाने असतात. एक एक्स्पेक्टेड रिझल्ट, म्हणजे जे व्हायला हवं ते. दुसरा ॲक्च्युअल रिझल्ट, म्हणजे जे झालंय ते. त्या फॉर्मवर रकाना एकच होता, म्हणून मी त्यात व्हायला हवं ते लिहिलं. लिहिलं जूनमध्ये, सुट्टी होती ऑक्टोबरात. चार महिन्यांत माणूस मनात आणलं तर काय वाट्टेल ते करू शकतो.

सुट्टी होती वेल्सच्या डोंगरातल्या एका जुन्या फार्मवर. तिथं कित्येक पिढ्या गुरंच पाळतात. पूर्वी तिथून गुरांचे कळप पायी हाकत पार लंडनच्या बाजारापर्यंत नेत म्हणे. आता ती ट्रकनं जातात, पण एक काम अजून घोड्यावरूनच होतं. उन्हाळाभर डोंगरमाथ्यावर चरायला सोडलेली गुरं थंडी पडायच्या आत खाली आणायची. त्या कामाला हे लोक पाहुणे बोलावतात, आणि पाहुणे हौसेनं जातात. वेबसाइटवर लिहिलं होतं, अनुभव नसला तरी चालेल, मात्र वजन तेरा स्टोनच्या आत हवं. तेरा स्टोन म्हणजे साडेब्याऐंशी किलो. मी होते चौऱ्याऐंशी.

घोड्याचं वेड मला सातव्या वर्षापासून. नुसतं वेडच, कारण घोड्यावर मी कधी बसलेच नव्हते. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. आई, बाबा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ आणि मी. पॉइंटवर एक घोडेवाला उभा होता. त्यानं भावाला काखेत धरून अलगद वर बसवलं. मग तो माझ्याकडे वळला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाबांना म्हणाला, "साहेब, हिला मोठा घोडा लागेल. तो आज आला नाही."

आई हसली. बाबा हसले. भाऊ तर घोड्यावरून पडेल इतका हसला, पण दुर्दैवानं पडला नाही. बाबा म्हणाले, "पुढच्या खेपेला हं, बाळा." आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी लगाम माझ्या हातात दिला. त्याचा फोटो आहे. भाऊ घोड्यावर, डोक्यावर घोडेवाल्याची टोपी. शेजारी मी, दोन वेण्या घालून, लगाम धरून हसते आहे. तो फोटो पुण्यात भावाच्या हॉलमध्ये अजून लटकतो आहे.

पुढची खेप काही आली नाही. ते वाक्य मात्र आमच्या घरी कायमचं राहायला आलं. मी दुसऱ्यांदा भात मागितला की भाऊ ओरडायचा, "मोठा घोडा आणा रे!" माझ्या लग्नात मी बोहल्यावर चढत असताना तो हेच ओरडला होता. सगळे हसले, मीही हसले. तोवर हसण्यात मी चांगली तरबेज झाले होते.

तर बावन्नाव्या वर्षी मला एकदा घोड्यावर बसायचं होतं. घोडं पळवायचं नव्हतं, उड्या मारायच्या नव्हत्या. नुसतं बसायचं होतं, आणि खाली कुणी हसत नको होतं.

जून, जुलै, ऑगस्ट कसे गेले ते सांगत नाही. सप्टेंबरात काट्यावर उभी राहिले, तर चौऱ्याऐंशीच. पण मी घाबरले नाही, कारण नवरात्र जवळ आलं होतं. घट आमच्याकडे पुण्याला सासरी बसतात, इथं मी फक्त उपवास धरते, तोही एरवी पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा. या वर्षी नऊच्या नऊ दिवस करायचे ठरवले. देवीची सेवा होईल आणि वजनही उतरेल, एका दगडात दोन पक्षी. सुट्टी नेमकी सातव्या माळेला सुरू होत होती. सात दिवसांच्या उपवासानं दीड किलो म्हणजे काहीच नाही.

पहिल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली. उपाशी माणसाला दाण्याचं कूट जरा सढळ हातानंच लागतं. दुसऱ्या दिवशी वरई आणि दाण्याची आमटी. तिसऱ्या दिवशी रताळ्याचा कीस, तुपावर. चौथ्या दिवशी ऑफिसात थकवा जाणवला म्हणून बटाट्याचा चिवडा बरोबर नेला आणि रिकामा डबा परत आणला. पाचव्या दिवशी राजगिऱ्याचे लाडू वळले, प्रवासाला होतील म्हणून, आणि ते नीट झाले की नाहीत हे चार-पाच खाऊन पाहावं लागलं.

माझा नवरा उदबत्तीच्या काडीसारखा आहे. दिवसातून चार वेळा जेवतो आणि ते कुठं जातं देव जाणे. तो माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "एकादशी अन् दुप्पट खाशी."

"हे वजनासाठी नाहीये," मी म्हटलं. "देवीसाठी आहे."

"मग रोज सकाळी काट्यावर कोण उभं राहतं? देवी?"

सहाव्या माळेला काट्यावर शहाऐंशी आलं. मी टेस्टर आहे, एका आकड्यावर विश्वास ठेवत नाही. काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणला, मग किचनमध्ये, मग गराजमध्ये काँक्रीटवर ठेवला. एका पायावर उभी राहिले. श्वास सोडून उभी राहिले. नवऱ्याला उभं केलं, त्याचे एकसष्ट बरोबर आले, म्हणजे काटाही निर्दोष. सगळीकडे शहाऐंशी. देवीला मी माझ्या स्वार्थात ओढलं होतं, तिनं तिचं उत्तर दिलं. घोडामैदान आता अगदी जवळ आलं होतं.

"खरं सांगून टाक ना त्यांना, ईमेल कर," गाडीत नवरा म्हणाला. "लिही, सॉरी, देअर वॉज अ टायपो."

"साडेबारा हा टायपो कसा होईल?"

"मग लिही, सॉरी, देअर वॉज अ खिचडी."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर राउंडअबाउट संपले, टेकड्या सुरू झाल्या, पाट्यांवर दोन-दोन भाषा आल्या. वजन करत असतील का? लोकांना एवढं कोण विचारतं? एवढ्या सभ्य देशात बाईला वजन विचारायची पद्धत नसेल.

फार्मवर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दगडी घर, दगडी गोठा, आणि अंगणभर चिखल. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या, चांगल्या रुंद, गुडघ्यापर्यंत गमबूट आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं मान वर करून बघतील. पाहुणे आमच्याखेरीज आणखी चार, सगळे शिडशिडीत, पायांत महागाचे बूट. बाईंनी सगळ्यांशी हात मिळवला आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं, "राइट. आधी सगळ्यांची वजनं."

"बाथरूमचा काटा कुत्र्यानं खाल्ला," त्या पुढं म्हणाल्या. "तेव्हा आज गुरांचाच वापरू."

गुरांचा काटा म्हणजे एक लोखंडी पिंजरा. गाय एका बाजूनं आत शिरते, मागचं दार खाडकन बंद होतं, पायाखालची फळी वजन घेते, आणि बाहेर खांबावर लाल आकडे उमटतात. आकडे वीतभर उंच. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसालाही वाचता यावेत, अशी मुद्दाम सोय केलेली.

शिडशिडीत लोक हसत हसत आत जाऊन आले. नवरा गेला. काट्यानं बराच वेळ आकडाच दाखवला नाही. बाई म्हणाल्या, "कधीकधी कोंबडी शिरली की असं होतं." मग चौसष्ट आले, बूट धरून.

माझी पाळी आली. मी फोन काढला, किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, जॅकेट काढलं, जॅकेटच्या खिशातला लाडवांचा स्टीलचा डबा काढला आणि सगळं नवऱ्याच्या हातात दिलं.

"नाही, लव्ह," बाई म्हणाल्या. "सगळं अंगावर घाल. हेल्मेटसुद्धा. घोड्याला तुझं जॅकेटही वाहायचंय."

मी सगळं परत घातलं आणि आत गेले. मागचं दार खाडकन बंद झालं. शेजारच्या कोंडवाड्यातलं एक काळं वासरू गजांतून माझ्याकडे बघत होतं, त्याला बहुधा हा अनुभव होता. लाल आकडे फिरले, थांबले.

"अठ्ठ्याऐंशी आणि अर्धा!" बाईंनी खणखणीत वाचलं. आणि मग, अगदी मनापासून, "लव्हली."

मी डोळे मिटून घेतले होते ते उघडले. माझं वजन आजवर डॉक्टरांनी खालच्या आवाजात सांगितलंय, नणंदेनं डोळे मोठे करून सांगितलंय, आणि भावानं गाऊन सांगितलंय. लव्हली कुणी म्हटलं नव्हतं. चार पाहुण्यांकडे पाहिलं, तर कुणीही हसत नव्हतं. बाईंनी शेकडो वासरांची वजनं याच सुरात वाचली असणार. त्या अंगणात वजन जास्त भरलं की ती चांगली बातमी असते.

पण मग त्यांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "इथं तर साडेबारा स्टोन लिहिलंय."

"ते... टार्गेट होतं," मी पिंजऱ्यातूनच म्हटलं.

"टार्गेट घोड्याच्या पाठीवर बसत नाही, लव्ह. तू बसतेस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माझे कान तापले. "माझी ही तट्टं तेराच्या वर एक पौंडही उचलणार नाहीत, मी उचलू देणार नाही. त्यांच्या पाठीचा प्रश्न आहे. तुला मोठी घोडी लागेल. आणि ती आज इथं नाही."

मी सात वर्षांची झाले. हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. हातात लगामाचा खरखरीत पट्टा आला, वेण्यांची टोकं खांद्याला टोचायला लागली. पंचेचाळीस वर्षं, सात हजार किलोमीटर, एक अख्खा समुद्र, आणि तेच वाक्य पुढं येऊन उभं. डोळ्यांत पाणी आलं. हेल्मेटचा पट्टा घट्ट झालाय, असं मी कुणी न विचारताच सगळ्यांना सांगितलं.

बाई दार उघडून आत डोकावल्या. "खरा आकडा लिहिला असतास तर कालच तिला इथं आणून ठेवली असती," त्या म्हणाल्या. "मला काही आकड्याचं कौतुक नाही. मला घोडे वाटायचे असतात, एवढंच. माझ्याकडे मोठी आहे ना. माझीच आहे. मी काय या तट्टांवर मावते का?"

हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मोठा घोडा होता. नुसता आणायचा राहिला होता.

"नदीकाठच्या कुरणात आहे, इथून दीड मैल. मला आत्ता सवड नाही. तू जाऊन घेऊन ये." त्यांनी माझ्या हातात एक दोराची मोहरकी दिली. मोहरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायचा दोर, त्याला धरून घोडं चालवत आणतात. "स्वभावानं गरीब आहे. फक्त पकडू देत नाही. पाचच्या आत आणलीस तर उद्या सकाळी तुझी. नाही तर जीपमधून बघ."

जीपमधून बघायला मी आले नव्हते. मी तरातरा निघाले. मागून नवरा आला, कारण दोर समजून घ्यायची त्याला घाई झाली होती. वीस वर्षं तो नेटवर्किंगमध्ये आहे, केबलचा गुंता त्याला बघवत नाही. चालता चालता त्यानं मोहरकी उलटसुलट करून पाहिली, कोणतं भोक कानाचं आणि कोणतं नाकाचं याबद्दल एक थिअरी मांडली, आणि थिअरी तपासायला ती स्वतःच्या तोंडावर चढवली. ती बसली अगदी फिट. निघेना. ती कुरणाच्या फाटकाशी एकदाची निघाली, तोवर मी त्याला दोराला धरून नेलं, आणि वाटेत भेटलेल्या पोस्टमननं आम्हा दोघांनाही अतिशय नम्रपणे गुड आफ्टरनून म्हटलं.

घोडी कुरणाच्या मध्यावर होती. समोरून एक कपाट, मागून दोन कपाटं. काळी, पायांवर पांढऱ्या केसांच्या झालरी, आणि सगळ्या अंगभर वाळलेला चिखल. आम्ही पुढं गेलो तशी ती संथपणे पलीकडच्या कोपऱ्यात गेली. आम्ही पलीकडे गेलो तशी ती अलीकडे आली. पळाली अशी नाहीच. आमच्या अंदाजापेक्षा नेहमी दहा पावलं पुढं असायची, बस्स. नवऱ्यानं तिला कोपऱ्यात गाठायचा बेत केला आणि स्वतःच कोपऱ्यात सापडला. तिथं नेटल होती, म्हणजे इथली खाजकुइलीसारखी अंगाला खाज आणणारी झुडपं. तो बराच वेळ मराठीत बोलला.

पाऊण तास झाला. चार वाजत आले. मला आता रडू येत नव्हतं, राग आला होता. घोडेवाल्याचा, भावाचा, घोडीचा, आणि सगळ्यांत जास्त जूनमधल्या माझा. साडेतेरा लिहिलं असतं तर आत्ता मी फायरप्लेससमोर बसले असते! पण ते लिहायला लाज वाटली होती. साध्या फॉर्मची लाज, ज्याच्या पलीकडे फक्त एक म्हातारी घोडे वाटत बसली होती. मी धपकन एका दगडावर बसले आणि डबा उघडून राजगिऱ्याचा लाडू तोंडात टाकला.

कानापाशी मोठा गरम श्वास आला. वळून पाहिलं, तर नाकपुड्या. एवढ्या जवळून घोडा मी सातव्या वर्षानंतर पहिल्यांदाच पाहत होते. मी न हलता दुसरा लाडू तळहातावर ठेवला. तिनं तो ओठांनी असा उचलला की हाताला नुसतं मखमल लागल्यासारखं झालं. मग ती डब्याकडे बघत उभी राहिली.

"पकड, पकड! आता घाल ती तोंडावर!" नवरा नेटलमधून ओरडला.

मोहरकी पुढं केली की ती मान वर करायची, आणि तिची मान वर गेली की तिथं माझा हात काय, शिडीसुद्धा पोचली नसती. शेवटी मी मोहरकी नवऱ्याकडे टाकली, डबा वाजवला आणि चालायला लागले. घोडी मागं आली. दोराशिवाय, आपल्या खुशीनं, माझ्या पाठीला नाकानं ढुशा देत. दर ढुशीला मी दोन पावलं पुढं जात होते, त्यामुळं परतीचा वेग चांगला पडला.

डब्यात नऊ लाडू होते. वाटेत फाटकं पाच. दर फाटकाला एक असा माझा हिशेब होता, पण चौथ्या फाटकाला तिनं एकदम तीन मागितले आणि मी द्यायला नाही म्हणू शकले नाही. शेवटचा पाव मैल डबा रिकामा. मी गुपचूप वाटेतले दोन खडे उचलून डब्यात टाकले आणि खळखळ वाजवत राहिले. म्हणजे तिलाही मी व्हायला हवं तेच दाखवलं. जित्याची खोड काही जात नाही.

पाचला दहा कमी असताना आम्ही अंगणात शिरलो. पुढं मी, मागं घोडी, तिच्या मागं मोहरकी खांद्यावर टाकून अंग खाजवत नवरा. बाईंनी फाटक लावलं आणि म्हणाल्या, "डब्यात काय आहे?"

मी डबा उघडून घोडीसमोर धरला. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं खडे पाहिले. माझ्याकडे पाहिलं. डबा माझ्या हातून पडला, आणि तिनं त्याच्यावर शांतपणे पाय ठेवला. तो डबा आता पोळीसारखा आहे. मी तो टाकलेला नाही.

संध्याकाळी जेवणात फार्मचंच बीफ होतं, आणि मला जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा. बटाटा उपवासाला चालतो, लोणी चालतं. तीन खाल्ले आणि चवथा बाईंनी न विचारता वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडी चौथऱ्यावरून मी घोडीवर चढले. तीन पायऱ्या, दोन पाहुणे आणि मागून नवऱ्याचा खांदा एवढं साहित्य लागलं. आणि मग मी वर होते. वर्णन करण्यासारखं काही झालं नाही. घोडी हलली नाही, खाली कुणी हसलं नाही. मला सगळ्या घरांची छपरं दिसत होती, आणि मी इतकी आनंदले होते की लगाम सोडून दोन्ही हातांनी खोगीर गच्च धरून बसले होते.

बाकीचे लोक डोंगरमाथ्याकडे गेले. बाई जीपमध्ये पुढं आणि मी घोडीवर मागं, अशा आम्ही उतारावरच्या एका जागी गेलो. तिथं दगडी बांधाला मोठं खिंडार होतं. पलीकडे शेजाऱ्याचं सलगमाचं शेत. "गुरं खाली येताना दर वर्षी इथून आत घुसतात," त्या म्हणाल्या. "मग शेजारी वर्षभर माझ्याशी बोलत नाही. तू इथं उभी राहा."

"आणि काय करायचं?"

"काही नाही. रुंद राहा."

एवढं सांगून त्या जीप घेऊन गेल्या. मी घोडीवर, घोडी खिंडारात. आयुष्यभर मला लोकांनी आकसून उभं राहायला शिकवलं. फोटोत मागं उभी राहा, जरा तिरकी हो, लिफ्टमध्ये आधी तू थांब. बसमध्ये शेजारच्याला त्रास नको म्हणून मी एक मांडी रस्त्यात ठेवून बसते. आणि इथं एका बाईनं मला कामच हे दिलं होतं की मावू नकोस. मी खांदे मागं घेतले. कोपरं बाहेर काढली. श्वास सोडून बघायची सवय होती, तो मी छातीभर आत घेतला.

मग वरून गुरं आली. आधी आवाज, मग काळा लोंढा. सगळ्यांत पुढं एक म्हातारी गाय, दर वर्षी सलगम खाणारी तीच असणार, कारण ती उताराकडे न बघता सरळ माझ्याकडे आली. घोडीनं एक कान हलवला आणि ती डुलकीत परत गेली. गुरं हाकायला काय ओरडतात ते मला माहीत नाही, मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढले. तोंडाला आलं ते ओरडले, "ओ बाई! इकडून रस्ता बंद आहे! खालून जा, खालून!"

गाय थांबली. मी हललेच नाही, मला हलता येतच नव्हतं. तिनं माझ्या डावीकडे पाहिलं, जागा नव्हती. उजवीकडे पाहिलं, जागा नव्हती. मग नाक फुरफुरवून ती खाली वळली, आणि तिच्या मागं अख्खा कळप वळला. माझ्या बुटांना शेपट्या घासत सगळी गुरं गेली, आणि सलगमाचं एक पानही हललं नाही.

मी मोठ्यानं रडले. ऐकायला घोडीच होती.

वीसेक मिनिटांनी, वरातीमागून घोडं म्हणतात तसा, माझा नवरा आला. त्याचं तट्टू त्याला वेगळ्याच डोंगरावर मेंढ्यांत घेऊन गेलं होतं. तो आता पायी होता आणि तट्टू त्याच्या मागं बांधावरचं गवत खात होतं. त्यानं माझं तोंड पाहिलं, वळलेला कळप पाहिला. मग जवळ येऊन घोडीचा लगाम धरून उभा राहिला.

जीपमधून परत आलेल्या बाईंनी माझ्या फोनवर आमचा फोटो काढला. वर मी, दोन्ही कोपरं बाहेर, नाक लाल. खाली लगाम धरून नवरा, नेटलचे चट्टे उठलेला, हसतो आहे.

तो फोटो मी तिथूनच भावाला पाठवला. पुण्यात दुपार असणार, त्यानं लगेच पाहिला. उत्तर आलं, "बापरे! घोडा केवढा मोठा आहे गं!"

मी हातमोजा दातांनी काढला आणि लिहिलं, "हो, मला मोठाच लागतो. या वेळी मी स्वतः जाऊन आणला."